तहात मिळालेलं घर

अवधपुरी, भोपाळ
२ डिसेंबर

प्रिय अमेय,

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. अबोलीला खालचा दात आलाय आणि तो चालतो की नाही हे ती माझ्यावरच तपासून बघते. लेक सात महिन्यांची झाली तरी आईचे डिंकाचे लाडू थांबलेले नाहीत. मी दारातून आत मावेनाशी झाले की थांबतील बहुतेक. बाबा रोज सकाळी पिपलानीला जुन्या मित्रांबरोबर चहा पितात आणि तुमच्या तिकडच्या बातम्यांवर वाद घालून येतात.

तह झाल्याचं कळलं तेव्हा आईने कॉलनीभर पेढे वाटले. शेजारच्या शर्मा आंटींनी मला जवळ घेतलं. "अब काहे का डर, बिटिया? लड़ाई तो ख़तम हो गई." मीही तोंड गोड करून घेतलं. बाबा मात्र म्हणाले, "लढाईत कमावलेलं माणसं तहात घालवतात. आधी कलमं काय आहेत ते तर बघू." मला त्यांचा इतका राग आला!

तू पाठवलेली तिकिटं मिळाली. आईने माळ्यावरून बॅगा काढल्यात आणि अबोलीसाठी लोकरीची टोपडी विणायला घेतलीयेत. कौस्तुभची रजा संपली, तो उद्या तुमच्या वीजकेंद्रात परत निघालाय, त्याच्याच हाती हे पत्र देते. फोनवर हल्ली आपण दोघं तिसरं कुणी ऐकत असल्यासारखे बोलतो. पत्र कुणी फोडलंच तर बसू दे मराठी लावत.

खरं तर काल दिवसभर नुसती तिकिटं उलटसुलट करत बसले होते.

तहात नदी ही सरहद्द ठरली, आपलं शहर जिंकलेल्यांकडे गेलं, आणि पलीकडची भाषा बोलणाऱ्यांना हातात मावेल तेवढं घेऊन नदीपार जायला सांगितलं, एवढं मला बातम्यांतून कळलं होतं. आपण दोन्हीकडचे नाही आणि वीज चालवायला माणूस हवा, म्हणून तू राहिलास. मी देवापुढे साखर ठेवली. पाच वर्षं नोकरी सोडता येणार नाही या अटीचंही मला काही वाटलं नाही.

मग तू नव्या घराचा फोटो पाठवलास. 'सरकारने दिलं, मोठं आहे, हा बघ तुझा ओटा.' पांढरा दगड, खिडकीखाली हाताएवढा पिवळा डाग. अमेय, ती हळद माझ्या हातून सांडलीये. ते इलिनाचं घर आहे.

तू त्या दिवशी कामावर होतास. सातव्या महिन्यात मी माहेरी निघायच्या आधी, आपलं स्वयंपाकघर लहान म्हणून माझं डोहाळजेवण शेजारच्या इलिनाने तिच्याकडे केलं. आई फोनवरून सांगत होती आणि ती बाई एक अक्षर न कळता तसं तसं करत होती. नारळ मिळाला नाही म्हणून तिने सफरचंद घालून माझी ओटी भरली. डाग घासून निघेना तेव्हा मी रडकुंडीला आले होते, तर तीच हसत होती. मागोमाग लढाई पेटली आणि मी इकडे अडकले.

परवा मी तुला विचारलं, इलिना कुठे आहे? तू म्हणालास, "त्यांची माणसं गेली सगळी पलीकडे. बरं झालं, शांतता आहे." 'त्यांची माणसं'! तिच्या हातचं सूप तू वाडगाभर प्यायचास तेव्हा ती 'आपली इलिना' होती.

बॉम्ब पडत होते तेव्हा मी तुझ्यासाठी घाबरायचे. आता तुला घाबरते.

घर नाकारलंस तर तुझ्यावरच संशय येईल, हे मला कळतं. तुला हुतात्मा हो म्हणत नाहीये. पण माझी ओटी जिने भरली तिला हाकलून दिलेल्या घरात मी माझ्या लेकीला रांगायला सोडणार नाही. आम्ही येत नाही. तिकिटं मी आज सकाळी रद्द केली. फक्त बाबांना सांगितलंय; आईला अजून नाही, ती टोपडी विणतेय.

कौस्तुभला आईच्या आजारपणासाठी सोडलं, तसं तुलाही सोडतील. मुलीचं बारसं आहे, आमच्यात बापाशिवाय होत नाही, असं सांग. ते बाराव्या दिवशीच उरकलंय हे त्यांना कुठे ठाऊक! अंगावरच्या कपड्यांनिशी ये आणि परत जाऊ नकोस. बाबा म्हणतात, आपलं इथलं घर लहान आहे, पण आपलं आहे.

या पत्राचं उत्तर फोनवर उघडपणे देऊ नकोस. नुसतं विचार, "बारसं कधी?" मी समजेन. आणि "घर छान आहे" एवढंच म्हणालास, तर तेही मी समजेन, आणि फोन अबोलीकडे देईन. तिला बापाचा आवाज एकदा ऐकू दे.

फोन वाजला की दचकणारी,
अजून तरी तुझी,
रेवती