अंगणातून जाणारी वाट

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या वकिलांची नोटीस काल पोहोचली. रजिस्टर पोस्टानं आल्यामुळे पुस्तकबांधणीचं काम टाकून, हाताची खळ पुसून सही करावी लागली. नोटिशीत मला ‘सामनेवाले’ म्हटलंय. पन्नास वर्षांत तू मला गाढव म्हणालीस, चिकटराव म्हणालीस, पण सामनेवाला मी पहिल्यांदाच झालो.

बाबांनी जागा वाटून दिली तेव्हा पुढची माझ्या कारखान्याला आणि मागचं घर तुला आलं. मधल्या वाटेचं कुणी काही लिहून ठेवलं नाही, हे खरं. पण माझ्या अंगणातली ती वाट तुझ्या हक्काची आहे आणि तिथं शेड बांधली तर मला कोर्टात खेचशील, हे मी पोस्टमनकडून ऐकायचं? घर विकतेयस हेसुद्धा मला नोटिशीतूनच कळलं. कागद ठेवायच्या शेडचा नकाशा मी सगळ्यांत आधी तुला दाखवला होता. वाट सोडशील का, एवढं विचारायचं होतंस.

रागाच्या भरात लिहू नका असं हिनं बजावलं, म्हणून जेवून लिहायला बसलो. काही उपयोग झाला नाही. भाचीला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा भाऊ

९ फेब्रुवारी

चि. चिकटराव,
अ. उ. आ.

चूक माझीच. आधी मी भावाला लिहिते, मग नोटिशीचं बघू, असं वकिलांना सांगून आले होते. पण लिहायला बसले की शब्दच सुचेनात. असे चार दिवस गेले, आणि तेवढ्यात त्यांनी नोटीस धाडलीसुद्धा.

माझे गुडघे गेलेत रे. मी राहते लेकीकडे, आणि तिचं घर तिसऱ्या मजल्यावर. एकदा खाली उतरले की परत वर चढायच्या धास्तीनं मी दोन दोन दिवस उतरतच नाही. तिच्याच इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्या मिळताहेत. आपलं मागचं घर घेणारं जोडपं शाळेत शिकवतं, माणसं भली आहेत. पण वाटेचा हक्क कागदावर दाखवल्याशिवाय बँक त्यांना कर्ज देत नाही. मुदत महिनाअखेरची.

आता खरी गंमत ऐक. वाट किती वर्षं वापरताय, असं वकिलांनी विचारलं. तीस म्हटल्यावर स्वारी खूश झाली. मग पुरावा म्हणून मी मोठ्या तोऱ्यात तुझ्या पत्रांचा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला. चार पत्रं वाचून त्यांनी कपाळाला हात लावला. कारण भाडेकरू बदलला की दर वेळी मी पत्रानं विचारलेलं, सामानाचा टेम्पो तुझ्या अंगणातून आणू का, आणि तू कळवलेलं, खुशाल आण. न विचारता, आपलीच समजून वाट वापरली असती तर हक्क झाला असता. विचारून वापरली म्हणजे ती तुझी मेहरबानी ठरते. आपण बहीणभाऊ भांडलो असतो तर केस पक्की होती म्हणे! धन्य तो कायदा. मी त्यांच्यासमोर हसले आणि घरी येऊन रडले.

यातलं अक्षरही भावाला कळवू नका, अशी त्यांची ताकीद आहे. पण तुझ्यापासून लपवून मी घर विकू? तू नाही म्हणालास तर माझं काही चालत नाही, हे तुला ठाऊक असू दे. नोटीस चुलीत घाल आणि खुशाल शेड बांध. मी चढेन जिने, सावकाश.

भावजयीला सांग, तिनं बजावलं ते बरं केलं.

तुझी,
ताई

२५ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र हिनं मोठ्यानं वाचलं. आपली बाजू लंगडी आहे हे विरुद्ध पक्षाला आपण होऊन कळवणारी बाई जगात तू एकटीच असशील. माझा राग कुठल्या कुठे गेला. पण गुडघ्यांचं तू आजवर का लिहिलं नाहीस, याचा नवा राग आला आहे, तो भेटीत काढीन.

त्याच दिवशी टेप घेऊन अंगण मोजलं. टेम्पोपुरती वाट सोडली तर शेड तीन फुटांनी अरुंद होते आणि कटिंग मशीन आडवं बसवावं लागतं. बसवू. हिला तर आनंदच आहे, तेवढी अडगळ कमी होईल म्हणते.

काल नोंदणी कार्यालयात जाऊन दस्त केला. घर कुणाचंही असो, वाट त्या घराला कायमची. मोबदला किती, असं दस्तलेखकानं विचारलं. काही नाही म्हटलं. मग कशापोटी देता ते लिहावं लागेल, म्हणाला. बहीण आहे, म्हटलं. ते नातं झालं, कारण नव्हे, असं म्हणून त्यानं स्वतःच ओळ घातली: ‘नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी’. सगळे हेच लिहितात म्हणे, छापील मसुद्यातच असतं.

पुढे अधिकाऱ्यानं दस्त मोठ्यानं वाचायला लावला. चतुःसीमा, लांबी, रुंदी धडाधड वाचली. त्या ओळीशी आलो आणि चष्मा काढून पुसत बसलो. मागं रांग ताटकळलेली. मजकूर मान्य आहे ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. शेवटी कसंबसं म्हणालो, मान्य आहे.

ताई, तुझ्यासमोर हे मला जन्मात कधी बोलता आलं नाही. बोललो ते दोन साक्षीदार आणि एका परक्या माणसासमोर, अंगठ्याचा ठसा देऊन. दस्ताची प्रत सोबत आहे. बँकेला दाखवून झाली की तुझ्याकडेच ठेव.

लोभ असावा असं या खेपेला लिहीत नाही. तो आता सरकारी दप्तरात आहे.

तुझा,
धाकटा भाऊ