अस्वल पाण्यावर येतं

१ मार्च १९७३
आजपासून रोजनिशी. इंझोरीच्या जंगलनाक्यावर फॉरेस्ट गार्ड म्हणून रुजू झालो. संकल्प : पहाटे उठून बीट, म्हणजे नेमून दिलेलं रान, फिरणे, बिडी सोडणे, जंगलाला न भिणे. शेवटच्याची खरं तर गरज नाही, पण लिहून ठेवलेलं बरं.

गेल्या साली पाऊस आलाच नाही. नाला कोरडा ठणठणीत. नाक्यामागच्या विहिरीला तेवढं पाणी आहे. शेजारचा गुरांचा दगडी हौद रिकामा.

४ मार्च
बीट फिरलो नाही. पाय दुखत होता. डावा. (सकाळी भागिरथाला उजवा सांगितला होता. बायकोला एवढे तपशील लागत नाहीत.)
हौदात पाणी दिसलं. खालून पाझर फुटला असावा. सरकारी जागेत असे चमत्कार होतात.

९ मार्च, संध्याकाळ
हौदावर तीन डोक्यांचं जनावर पाहिलं. काळं. केसाळ. मी पळालो नाही, फक्त स्पीड वाढवला. आत येऊन कडी घातली, कडीला दोरी बांधली.
भागिरथा खिडकीतून बघून म्हणाली, "अस्वल हाये. पाठीवर दोन पिलं बसले हायेत. लेकुरवाळी हाये बिचारी."
मी खाटेवर उभा राहून निरीक्षण केलं. उंचावरून नीट दिसतं.

२१ मार्च
तांड्यावरच्या सेवालालसोबत मोहाखाली गेलो. भर दुपारी. तो पुढे. दरवर्षी इथे फुलांचा सडा पडतो म्हणे. यंदा मूठभरच. कळ्या झाडावरच करपल्या. टेंभुर्णीला फळ धरलं नाही. वारुळं खणून खणून उलटी केलेली. सेवालाल म्हणाला, "आता हे अस्वल खाईन काय, गोटे?"
मी म्हणालो, निसर्गाचं सगळं बरोबर असतं. सरकारी माणसानं धीर द्यायला हवा.

२ एप्रिल
वाईट झालं. सेवालालची बायको सुंदरबाई फुलं वेचायला गेली. थोडीशी फुलं, एकच झाड, आणि त्याच झाडाखाली अस्वल. खांदा फाडला. बैलगाडीतून मंगरूळपीरच्या दवाखान्यात नेली. वाचेल म्हणतात.
अक्षर वाकडं येत आहे. उष्मा फार.
संध्याकाळी गावचे उकंडराव आले. म्हणाले, "देवमन, तू बंदोबस्त कर. नाही तं आमी करतो." मी सांगितलं, माझ्याकडे प्लॅन आहे. ते गेल्यावर प्लॅनचा विचार सुरू केला.

६ एप्रिल
प्लॅन : रॉकेलचा रिकामा डबा बडवणे. बडवला. घरात बसून, दार लावून. भागिरथा म्हणाली, "अस्वल तं आलंच नाही अजून. मले काहून भेववून राह्यले?"
डबा थांबल्यावर अस्वल आलं. पाठीवर एकच पिल्लू. दुसरं मागून येत असेल, असं मी सांगितलं. ती खिडकीशी उभीच राहिली. मागून कोणी आलं नाही.

१९ एप्रिल
पाझराचा शोध लागला. भागिरथाच विहिरीतून बादल्या शेंदून हौदात ओतते! रंगेहाथ पकडली. म्हटलं, हे तर अस्वलाला आमंत्रण झालं. ती म्हणाली, "इथं पाणी भेटलं तं थे गावात कायले जाईन?"
हा मुद्दा माझ्या आधीच लक्षात आला होता.
आता हरणं, रोही सगळीच येतात. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. आपसात भांडतही नाहीत. कान फक्त हालतात. ते बघून ठरवलं : बदलीसाठी साहेबांना भेटणार. तब्येतीच्या कारणावरून.

५ मे
आज अस्वलाची पाठ रिकामी.
पाणी कमी प्यालं. हौदाभोवती फिरून हुंगत राहिलं. वाटेकडे सारखं वळून बघत होतं. मला खरं तर बरं वाटायला हवं, धोका कमी झाला. भागिरथा जेवली नाही. मीही नाही. मला अपचन.

२१ मे
उकंडराव आठ-दहा माणसं घेऊन आले. लाठ्या, आणि त्यांच्यातल्या इंद्रभानची भरमार बंदूक. अस्वल हौदावरच होतं. एवढं वाळलेलं की माणसं बघूनही उठेना.
माझा निर्णय स्पष्ट होता : आत थांबणे. तेवढ्यात भागिरथा बादली घेऊन सरळ बाहेर! तिला आत ओढायला धावलो. ती झटक्यात बाजूला झाली, मी मात्र अस्वल आणि बंदुकीच्या मधोमध. पाय उचलेनात. मागून अस्वलाचा श्वास ऐकू येत होता.
इंद्रभान ओरडला, "हट ना बे बाजूले!"
मलाही हटायचंच होतं. तोंडातून एवढंच निघालं, "मारू नका हो! मारू नका!"
हे मी माझ्याबद्दल बोलत होतो. लोकांना ते अस्वलाबद्दल वाटलं.
मग सेवालाल पुढे झाला. त्याच्या बायकोचा खांदा अजून भरला नाही. तो अस्वलाकडे बघत म्हणाला, "दोन लेकरं होते तिच्या पाठीवर. दोन्ही गेले. राहू द्या, उकंडराव."
उकंडरावांनी बंदूक खाली करायला लावली. अस्वल उठलं, लंगडत टेकडीकडे गेलं. भागिरथानं मला हाताला धरून आत आणलं. पँट ओली होती. बादली सांडली असणार.

२ जून
गावात माझं नाव झालं. चहाचे पैसे घेत नाहीत. सगळं आधीपासून ठरवूनच केलं, असं मी सांगतो. आता मलाही तसंच आठवतं.
अस्वल आलं नाही.

११ जून
आलं नाही. भागिरथा हौद भरतेच आहे. आज बादल्या मी ओढल्या. व्यायाम म्हणून.

१४ जुलै
पाऊस लागला. रान हिरवं झालं. साहेब तपासणीला आले, पाठ थोपटली, म्हणाले, तुमच्या बीटमध्ये अस्वलं आहेत ना? मी म्हणालो, आहेत साहेब, पुष्कळ.
ते गेल्यावर पूर्ण बीट फिरलो. एकटा. टेकडीवर गेलो, कपारीत डोकावलो, मोहाखाली बसलो. ठसा नाही, विष्ठा नाही, खणलेलं वारूळ नाही. नाल्याच्या काठाला काळ्या केसांचा पुंजका आणि हाडं. पावसानं अर्धी वाहून नेली होती. कोणत्या जनावराची ते सांगता येत नाही, असं भागिरथाला सांगितलं. तिनं विचारलं नव्हतं.
रानात एवढं गवत, आणि त्यात काहीच हलत नाही.
मले लय भेव वाटून राह्यलं.