अकरा चाळीसची नोंद

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. आईचा गुडघा आता जिना चढू देतो आणि ती चढतेही, नको सांगितलं तरी. माझा फोन तू उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. शिवाय यात थोडं तांत्रिक आहे, आणि मला एक गोष्ट धड तोंडी सांगता येत नाही हे तू लहानपणापासून ऐकवत आली आहेस.

गेल्या मंगळवारी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, तुझ्याच जुन्या लॅबमध्ये, साखर तपासायला रक्त दिलं. वर आमच्या कॉम्प्युटर विभागात येऊन खुर्चीत टेकलो आणि रिपोर्ट तयार झाल्याचा मेसेज यायच्या आधीच वेबसाइटवर डोकावलो. पानावर माझं नाव, वय एक्कावन्न, आणि खाली गर्भधारणेची चाचणी, पॉझिटिव्ह. तुझी भावजय ऐकून पोट धरून हसली. मी हसलो नाही. माझी नळी अजून मशीनमध्येसुद्धा गेली नव्हती.

अशी तक्रार आली की मी काय करतो ते तुला ठाऊक आहे. आधी सर्व्हर रीस्टार्ट, मग विचार. वीस वर्षांची सवय आहे, आणि बहुतेक वेळा विचाराची गरजही पडत नाही. या वेळी तक्रार करणारा मीच होतो, त्यामुळे 'तुम्हीच काहीतरी चुकीचं दाबलं असेल' असं सांगायला समोर कोणी नव्हतं. हात आवरला आणि बघत बसलो.

रिपोर्ट दाखवणारं ते पर्लचं स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, जुनं आहे. पूर्वी ते दर माणसामागे नव्याने सुरू व्हायचं आणि काम संपलं की सगळं विसरून मोकळं व्हायचं. मग मी ते सर्व्हरच्या पोटातच बसवलं, म्हणजे ते कायम जागं राहील. पानं झटकन उघडायला लागली, सगळ्यांनी पाठ थोपटली, तूसुद्धा. पण जागं राहणारं विसरत नाही. मागच्या माणसाचे आकडे त्याच्याकडे तसेच पडून राहतात आणि पुढच्याचे आले की बदलतात. पुढच्याची नोंदच झालेली नसेल, तर 'रिपोर्ट तयार नाही' म्हणायचं सोडून ते मागच्याचे आकडे नव्या नावाखाली दाखवतं. लोक मेसेज आल्यावरच बघतात, म्हणून हे क्वचित होतं. त्यातून एका वेळी त्याच्या आठ प्रती चालू असतात, प्रत्येकीची आठवण वेगळी, त्यामुळे झालं तरी पुन्हा करून दाखवता येत नाही. मी दुसऱ्या मशीनवर एकच प्रत चालू ठेवली. आधी तयार रिपोर्ट उघडला, मग तयार नसलेला. बारा वेळा केलं, बारा वेळा तेच. दुरुस्ती एका ओळीची निघाली: दर वेळी सुरुवातीला पाटी पुसून घ्यायची. सात वर्षं मी ती पुसली नव्हती.

एव्हाना तुझ्या ध्यानात आलं असेल. सहा वर्षांपूर्वीचा तो ट्रकड्रायव्हर, ज्याच्या कागदावर किडन्या निकामी झाल्याचे आकडे होते. त्याने वेबसाइटवरून कागद छापल्याची वेळ दहा वीस, कॉम्प्युटरमधली तुझी नोंद अकरा चाळीसची. तू सांगत होतीस की नोंद एकदाच केली आणि बरोबर केली. चौकशी समितीचं म्हणणं, मग त्याने दहा वीसला काय छापलं? तू आधी चुकीचं भरलंस आणि बोभाटा झाल्यावर गुपचूप बदललंस, असं ठरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आई त्या दिवशी म्हणाली. चोर तिच्या शेजारीच जेवत होता.

स्क्रिप्टची चूक मला तेव्हा खरंच माहीत नव्हती. तेवढ्यावर हे पत्र संपवता आलं असतं, आणि पहिल्या खर्ड्यात मी ते संपवलंही होतं. पण त्या सकाळी तू धापा टाकत वर आली होतीस. म्हणालीस, "थांब, बंद करू नकोस. त्याची नोंद मी अजून केलेलीच नाही. मला ते पान बघू दे." तू बोलत असतानाच मी रीस्टार्ट केलं, म्हणजे आठही प्रतींची आठवण पुसून टाकली. मग आपण दोघांनी पान उघडलं, आणि त्यावर 'रिपोर्ट तयार नाही' असं होतं. अकरा वाजले होते. तू हे समितीला सांगितलंस. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि तू समोर बसलेली असताना मी म्हणालो, नक्की आठवत नाही. हो म्हटलं असतं तर दहा वीसचे आकडे मधल्या वेळात पुसले कोणी, आणि का, हे विचारलं गेलं असतं. तू खालूनच नोंद पुसून आली असशील, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्यावर सहा वर्षं बरी झोप लागली, हेही सांगून टाकतो.

सोमवारी मी हे सगळं हॉस्पिटलला लिहून दिलं, तुझं वर येणं आणि माझं उत्तर धरून. प्रत सोबत आहे, सही-शिक्क्याची. माझ्या नोकरीचं काय ते पुढच्या आठवड्यात कळेल. तुझ्या नावावरचा शेरा काढायला त्यांना तुझा अर्ज लागेल. तो करायचा की नाही, ते तू ठरव. लाज वाटते, आणि तू फार आठवतेस. त्यांना सांगण्याआधी तुला सांगायला हवं होतं, तेवढा धीर झाला नाही. ताई, मला आठवत होतं.

तुझाच,
धाकटा