गुरुवारचा ओव्हरटाइम

२५ नोव्हेंबर, मंगळवार

कावळा शिवेना! प्रज्वलच्या दहाव्याचा पिंड ठेवून दोन तास घाटावर हात जोडून उभे होतो. माझे थोरले बंधू अण्णासाहेब म्हणाले, "प्रज्वल, तुझ्या आईबापाला आम्ही बघू." नाही. मी म्हणालो, तुझ्या आईला एकटं ठेवणार नाही. नाही. कावळे पत्र्यावर बसून नुसते बघत होते. मग त्याच्या कंपनीतला मित्र खंडू पुढे झाला — "प्रज्या, तुझ्या रीलचं बघतो राव. जा आता."

बोलणं पुरं व्हायच्या आत कावळा खाली!

सव्वीस वर्षांचा मुलगा. चाकण चौकात कंटेनरखाली गेला. आणि जीव अडकला होता कशात — रीलमध्ये!

आदल्या दिवशी जेवताना म्हणाला होता, "पप्पा, एक चांगली रील घ्यायचीय." मी मान वर केली नाही. "रीलनं पोट भरत नाही." आमचं शेवटचं बोलणं ते.

२६ नोव्हेंबर

काही नाही. कामावर गेलो, परत आलो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

प्रज्वलच्या कंपनीला गुरुवारची सुट्टी असते. संध्याकाळी खंडू घरी आला. प्रज्वलची आई कौशल्या आत होती. मी हळूच त्याला प्रज्वलचा मोबाइल दिला. म्हणालो, "त्याची रील राहिली असेल ती टाक बाबा. मला जमत नाही."

त्यानं मोबाइल परत दिला. "काका, ती रील न्हाई हो. गळाच्या काठीला लावायची. तिच्यावर तंगूस गुंडाळायची, नायलॉनची दोरी."

"कसला गळ?"

"मासं धरायचा."

हात आपोआप गळ्यातल्या माळेकडे गेला. बारा वर्षं तुळशीची माळ आहे. घरात अंडं आणलेलं नाही. आणि हा दर गुरुवारी आसखेड धरणावर बसायचा! मला सांगायचा, ओव्हरटाइम आहे. मी शेजाऱ्यांना कौतुकानं सांगत होतो — पोरगा सुट्टी घेत नाही!

२८ नोव्हेंबर

तेरावा झाला. रील मीच घेणार म्हटल्यावर अण्णासाहेब भडकले. "माळकरी माणूस जीव मारायचं हत्यार विकत घेणार? आधी माळ काढून ठेव."

मी कधी उलट बोलत नाही. आज बोललो. "अण्णा, कावळ्यानं पिंडाला शिवताना माळ बघितली नाही."

तरी ते जेवून गेले.

शब्द सगळ्यांदेखत दिला गेलाय. नाही घेतली तर तो पुन्हा अडकेल. घेतली तर मी कोण?

३० नोव्हेंबर, रविवार

खंडूची शिफ्ट सुटल्यावर त्याच्याबरोबर पिंपरीला गेलो. दुकानदार भिमाजी म्हणाला, "हजार, अडीच हजार, चार हजार — कुठली देऊ?"

"चांगली द्या. पैशाचं बघू नका."

दोघंही हसले. खंडू म्हणाला, "काका, ती किंमत न्हाई. रीलच्या मापाचा नंबर हाय."

त्याला कुठली हवी होती, खंडूलाही नक्की ठाऊक नाही. "रोज नवीनच सांगायचा." मग मीच बसलो निवडायला. हजारची म्हणजे खेळणं. चार हजारची दणकट, पण जड — दिवसभर धरून मनगट भरून येईल. अडीच हजारच्या दोन राहिल्या. एकीच्या खोक्यावर नऊ बेअरिंग लिहिलेली, पण हँडलला प्ले — ढिलं हलतंय! दुसरीला पाचच. डोळे मिटून फिरवली. आवाज नाही. थांबवली की जागच्या जागी थांबते.

भिमाजी म्हणाला, "काका, मासे धरायचेत का इन्स्पेक्शन करताय?"

कंपनीत अठ्ठावीस वर्षं तेच करतोय. हसू आलं. मग रील काउंटरवर ठेवली. अहो, त्याला मीच तर निवडून दिली असती! विचारलं होतं की त्यानं!

१ डिसेंबर

रील कपाटात, माझ्या स्वेटरखाली आहे. प्रज्वलची काठी खंडूच्या घरी आहे. गुरुवारी मी रजा टाकणार. धरणावर काठीला लावून एकदा गळ पाण्यात टाकायचा आणि रील खंडूला देऊन यायची. कौशल्याला हे कळता कामा नये. मुलगा गेला, वर हे! ती हाय खाईल.

३ डिसेंबर, बुधवार

फर्स्ट शिफ्ट करून आलो तर कौशल्या जमिनीवर बसलेली. समोर खोकं उघडं. ओल्या फडक्यात तंगूस चिमटीत धरून रीलवर घट्ट गुंडाळत होती. हात सवयीचे! मी दारातच उभा.

"सैल गुंडाळली की गुंता होतो," म्हणाली.

"तुला कसं माहीत?"

"तुम्ही कामावर गेलात की मी जायचे त्याच्याबरोबर. मासा खाल्ला नाही हो कधी. सोडून द्यायचो." मग मान वर न करता म्हणाली, "उद्या खंडूला दोन्ही काठ्या आणायला सांगा. माझीपण त्याच्याकडेच आहे."