पाचवा थेंब

कोफु, ९ नोव्हेंबर

प्रिय शुनपेई,

तुमच्या तलवार-अभ्यासक मंडळाचं त्रैमासिक परवा टपालाने आलं. पान चौदा, तुझा लेख. अभिनंदनाचं पत्र असेल असं समजून हा लिफाफा उघडला असशील, तर तो गैरसमज आधीच दूर करते. मी संतापलेली आहे. परवा संतापले, काल दिवसभर स्वतःला समजावलं की सत्त्याहत्तराव्या वर्षी बाईने इतकं तापू नये, आणि आज सकाळी लेख पुन्हा वाचला तर परवापेक्षा जास्त संतापले. फोन करणार होते, पण फोनवर माझा तोल जातो आणि तू ‘हो ताई, हो ताई’ करत हळूच विषय बदलतोस. कागदावर तुला तो बदलता येणार नाही.

तुझ्या पणजोबांनी घडवलेली ती लोखंडी चकती. तलवारीची मूठ आणि पातं यांच्यामध्ये बसणारी, शरदातलं गवत कोरलेली, त्या गवतावर स्फटिकाचे सात दवबिंदू जडवलेली. ते सातही तू उपटून काढलेस. तेही गेन्साकुकाकांच्या छिन्नीने. आणि लाज वाटायची सोडून वर छापलंस की ‘वडिलांच्याच हत्याराने मी या कलाकृतीचं शुद्धीकरण केलं.’ चाळीस वर्षं विमा कंपनीत कागद पुढे सरकवलेस, काका गेल्यावर तीन वर्षांत तू जाणकार झालास, आणि जाणकार झाल्याबरोबर पहिलं काम हे केलंस. आता वीस तारखेला कारागिराकडे देऊन सातही खळगे लोखंडाने बुजवून घेणार आहेस म्हणे, म्हणजे पुढच्या वेळी परीक्षक नाक मुरडणार नाहीत आणि प्रमाणपत्र मिळेल. बुजवलेला खळगा पुन्हा उघडत नाही, शुनपेई. उघडायला गेलं की आजूबाजूचं गवत फाटतं. म्हणून हे पत्र वीस तारखेच्या आत तुझ्या हातात पडायला हवं.

तुझं म्हणणं असं की तलवारीच्या साजावर खडे दिसले की माल योकोहामाचा समजावा, परदेशी गिऱ्हाइकाला भुलवायला मागाहून चिकटवलेला. पुष्कळदा ते खरंही असतं. पोवळ्याची फुलं आणि शिंपल्याचे पोपट जडवलेल्या तलवारी मीही पाहिल्यात, आणि त्या पाहून आमच्या बाबांना शिंका यायच्या. पण ज्याला गिऱ्हाईक भुलवायचंय तो रंग नसलेला, चवळीच्या दाण्याएवढा खडा कशाला बसवेल? त्यातले तीन तर मागच्या अंगाला, म्यानाकडे तोंड करून, जिथे कुणाची नजर जात नाही. शिवाय ज्याने ती चकती मागवली तो सामुराई नव्हताच. तो कोफुचा एक वैद्य होता. चकती पुरी होईतो तलवारबंदी आली आणि तो न्यायलाच आला नाही, म्हणून ती तुमच्या घरात राहिली. हे काकांनी तुला शंभर वेळा सांगितलंय. तुझं लक्ष तेव्हा कुठे असायचं कोण जाणे.

आणि त्या थेंबांच्या आत कधी भिंग लावून पाहिलंस का? सहा थेंबांच्या पोटात केसाएवढ्या हिरवट काड्या आहेत. आमच्याकडे याला गवताचा स्फटिक म्हणतात. इथल्याच डोंगरात निघायचा तो, आणि माझे आजोबा लहान होते तेव्हाच ती खाण संपली. स्फटिक घासणाऱ्या माझ्या पणजोबांनी टोपलीभर तुकडे उन्हात धरून धरून त्यातले सात निवडले, कारण गवतावरच्या दवात गवत दिसायला हवं, असा तुझ्या पणजोबांचा हट्ट होता. दोन म्हाताऱ्यांनी एका चकतीपायी अख्खा हिवाळा घालवला. ते सगळं तुझ्या लेखात दोन शब्दांत बसलंय, ‘परकीय अभिरुची’. परकीय कोण, ते मी लिहीत नाही, तू आरशात बघ.

पण माझं खरं दुखणं पुढच्या ओळीत आहे. ‘पाचवा खडा काचेसारखा निर्मळ असून उघडउघड अलीकडचा आहे; एक बनावट निघाला म्हणजे उरलेलेही संशयास्पदच.’ हे वाक्य लिहिताना तुझा हात अडखळला नाही, यात तुझा दोष नाही म्हणा, कारण तुला ठाऊकच नव्हतं. पाचवा थेंब मी घासला आहे.

शोवा एक्केचाळीसचं साल, तू सहा वर्षांचा होतास. तुझी आई इस्पितळात होती, म्हणून काका तुला घेऊन तो अख्खा उन्हाळा आमच्याकडे राहिले होते, आणि एका थेंबाची सोन्याची कड सैल झाली होती म्हणून चकतीही बरोबर आणली होती. तानाबाताचा, बांबूला इच्छांच्या चिठ्ठ्या बांधायचा सण झाला, आणि दुसऱ्या दिवशी पाहते तो काका आमच्या परसातल्या अळूच्या वाफ्यात गुडघ्यांवर. दोन दिवस तेच. आई बाबांवर चिडली, “पाहुण्याला तण काढायला लावता, शेजारी काय म्हणतील?” तिसऱ्या दिवशी काका चकती घेऊन बाबांसमोर बसले आणि म्हणाले, “माझी छिन्नी घसरली. पाचवा थेंब उडाला, सापडत नाही.” बाबांनी चकतीकडे पाहिलं, मग काकांच्या मातीने भरलेल्या गुडघ्यांकडे. “गेन्साकुची छिन्नी घसरली? मग उद्या फुजी डोंगरही उठून आमच्याकडे चहाला येईल.” काकांनी मान खाली घातली, पण शब्द बदलला नाही. 

नवा थेंब कुणी घासायचा, हा प्रश्न होता. त्या काळी आमच्या स्फटिकाच्या कारखान्यात बायकांनी डबे भरावेत, माल पुसावा, पण घासायच्या लोखंडी ताटलीला हात लावायचा नाही. काका म्हणाले, “मिसाओकडे द्या. तिची बोटं बारीक आहेत.” चौथ्या दिवशी बाबांनी ताटली माझ्यापुढे सरकवली. माझे चार थेंब फुटले. पाचव्या वेळी जमला. गवताचा स्फटिक कुठे उरला नव्हता, ब्राझीलहून आलेला तुकडा होता, अगदी निर्मळ. बाकीच्या सहांशेजारी ठेवल्यावर तो वेगळा दिसतो म्हणून मी रडले. काका म्हणाले, “असू दे गं. सातांतला एक तरी पोटात काही न ठेवणारा असावा.” आणि हसले. माझं अठ्ठावन्न वर्षांचं काम त्या एका थेंबाने सुरू झालं, शुनपेई, आणि त्याला तू छापील अक्षरांत बनावट म्हणालास. इथे ज्यांना मी हा धंदा शिकवला, ती माणसंही तुमचं त्रैमासिक वाचतात.

बाकी इकडचं म्हणशील तर पर्सिमॉन सोलून दोऱ्यांना टांगून झाले, यंदा फळ लहान पण गोड आहे, तुझ्या वाट्याचे वेगळे ठेवलेत. संतापलेय म्हणून फळं द्यायची थांबवेन असं समजू नकोस. उजव्या हाताचा अंगठा थंडीत दुखतो. ताटलीवर मात्र अजून रोज दोन तास बसते, तेव्हा सोन्याची कड दाबायला दुसरं कुणी शोधू नकोस. वीस तारखेचं रद्द कर, चकती, सातही थेंब आणि त्यांच्याखाली चकाकीसाठी घातलेले पत्रे रुमालात गुंडाळून इकडे घेऊन ये, मी बसवून देते. प्रमाणपत्र नाही मिळालं तर नाही मिळालं. काकांनी ते कधी मागितलं नव्हतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. काकांनी माझ्याकडून शब्द घेतला होता की हे तुला सांगायचं नाही. तो मी इतकी वर्षं पाळला आणि आज मोडते आहे. आपल्या दोन्ही घरांत रीत आहे की दुरुस्ती करणाऱ्याने तारीख आणि कारण दडलेल्या बाजूला कोरून ठेवायचं, पुढच्या कारागिरासाठी. जन्मभर हातात हत्यार न धरलेला माणूसच खडा काढून खालचा पत्रा न उलटता बाजूला टाकेल. तुझ्या लेखातल्या फोटोत बशीत सात थेंब आहेत आणि शेजारी चांदीचे सात इवले पत्रे, सगळे चकाकती बाजू वर करून, खाली तुझी टीप, ‘फेकण्यालायक’. अजून फेकले नसशील तर पाचवा उलटा कर आणि भिंग लाव. काका सुईच्या टोकाने ते कोरत होते तेव्हा मी दिवा धरून शेजारी उभी होते. तानाबाताच्या पहाटे चिठ्ठ्यांची शाई उगाळायला आपण सगळे अळूच्या पानांवरचं दव गोळा करायचो, आठवतं? ऊन चढलं की तुझ्या पानावरचं दव वाळून जायचं आणि तू भोकाड पसरायचास. त्या दिवशी तू चकतीतला सैल झालेला थेंब खिळ्याने उकरलास आणि तुझ्या पानावर नेऊन ठेवलास. तो घरंगळला, मातीत गेला. संध्याकाळपर्यंत तू विसरलासही. काकांनी तुला एक शब्द विचारला नाही. फक्त पत्र्यावर लिहिलं: ‘शोवा एक्केचाळीस, ऑगस्ट. पाचवा थेंब नवा. कारण, शुनपेईला न वाळणारं दव हवं होतं.’

तुझीच, रागावलेली,
मिसाओताई