खतातून उगवलेली हद्द

मी आइकांडे, कै. किविया यांची पत्नी, वय एकाहत्तर, राहणार मारंगूचा वरचा उतार, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना लिहिते. दम लागतो, पण डोकं शाबूत आहे. खताच्या ढिगात हात घालून तो पिकला की कच्चा, हे अजून न बघता सांगते. कोणाचं दडपण नाही असं लिहायची रीत आहे. मी तसं लिहीत नाही, कारण मुलगा अनाएली सकाळपासून दाराशी बसून आहे.

१. घर आमच्या चालीप्रमाणे धाकट्याला, म्हणजे अनाएलीला. गायही त्यालाच, पण शेण त्याने बहिणीला द्यायचं.

२. केळीबाग, खताचे तीन खड्डे, फावडं, कोयता मुलगी एलियाकुंडाला. वीस वर्षं तिनेच केळीचे सोट चिरले, शेण, राख, कॉफीची टरफलं थरावर थर घातली, ढीग उलटले. अनाएलीने एकदा त्यात प्लास्टिकची चप्पल टाकली, एवढाच त्याचा हातभार. पोरी, खड्ड्यात इसालेची काडी टाकू नकोस. हद्दीचं ते झुडूप तोडलं तरी मरत नाही. मी टाकली होती.

३. आता नऊ वर्षं गिळून बसले ते. ओढ्याकडचा पट्टा माझा नाही. दीर न्देसारिओ यांची बायको वारली त्या वर्षी त्यांची केळी सुकत होती, म्हणून मीच त्यांच्या बागेत ओळीने खत घातलं. घाईत, अर्धं कच्चं. त्यातल्या इसालेच्या काड्या पावसात फुटल्या, सरळ रांगेत. जुनी हद्द त्याच पावसाळ्यात ओढ्याच्या पुरात वाहून गेली होती. पंच आले, म्हणाले, इसाले आहे तिथं हद्द. ते उपटायची हिंमत आमच्यात कोणी करत नाही. मला सगळं ठाऊक होतं आणि मी गप्प बसले. पट्टा माझा झाला, त्यातली जावेची कबरही.

भावजी तेव्हा एवढंच म्हणाले, "वहिनी, आता बायकोजवळ बसायचं तरी तुम्हाला विचारू का?"

मी म्हटलं, "पंचांना विचारा." त्या शब्दांची मला लाज वाटते.

४. तो पट्टा भावजींना परत. अनाएली म्हणतो, "आई, हे लिहिलंस तर तुझ्या मातीला मी हात लावणार नाही." नको लावूस. त्याने हरकत घेतली तर घरही एलियाकुंडाचं.

५. इसालेचं पान गाठ मारून पाठवलं की माफी नाकारता येत नाही, ही आपली रीत. ते तोडायचं धैर्य मला आजवर झालं नाही. सह्या झाल्या की पान आणि हा कागद एलियाकुंडाच्या हाती भावजींकडे धाडते. माझ्यावर माती घालायची की नाही, ते त्यांनी ठरवावं.

सही: आइकांडे
साक्षीदार: एलिफाझी, निवृत्त मास्तर; नाएलिजवा, शेजारीण
मारंगू, १४ फेब्रुवारी २०११

(खाली, वेगळ्या अक्षरात)
वाचलं. पान ठेवून घेतलं, घ्यावंच लागतं. मातीला येईन. तोवर तुम्ही माझ्या दारात येऊ नका.
न्देसारिओ