टेकडीवरची ठेव

१४ ऑक्टोबर
हन्नेचं कॉफीचं पितळी भांडं सापडत नाही! ती, माझी बायको, वारली तेव्हापासून खुंटीवरून हललं नव्हतं.

१५ ऑक्टोबर
सापडलं — टेकडीवर, रोमनांच्या पडक्या देवळात! उंबऱ्याच्या आत, नीट पालथं घातलेलं. लांबच्या प्रवासाला निघालेलं माणूस ठेवतं तसं. नांगर, गव्हाची पोती, नवरीची पेटी — आमच्या गावानं पिढ्यान्‌पिढ्या सगळं तिथं ठेवलं. चोर हात लावत नाही. ठेवणाऱ्यानंच उचलायचं, दुसऱ्या कुणाला ते उचलवतच नाही.
मी दोन्ही हातांनी ओढलं. जागचं हललं नाही.
शेजारी अबू मिल्हेम तिथंच शेळ्या चारत होता. खो खो हसला. "अरे, स्वतःच्या लग्नात मेंढा खांद्यावर घेऊन नाचलास! आता भांडं जड झालं?"
"मग तू उचल की, पहिलवान!"
त्यानं हात लावला. हसणं थांबलं. शेळ्या हाकत उतरला, मागं वळून न बघता.

१९ ऑक्टोबर
आज माझा लोकरीचा झगा तिथं. बाह्या आत दुमडलेल्या — हन्ने घालायची तीच घडी.
शाळेत मास्तर सांगायचे, आपले जुने अरबी कवी प्रेयसीच्या ओसाड मुक्कामापाशी आधी रडून घेतात, मग कविता. मी खांबाला टेकून पाठ होतं ते सगळं म्हटलं. वारा पडलेला. तरी दर ओळीनंतर आतून कुणीतरी श्वास सोडत होतं... ऐकत असल्यासारखं.

२० ऑक्टोबर
लेकीचा, जुमानाचा फोन. "बाबा, बर्फात एकटे मराल तिथं! इथं झाहले शहरात माझ्या घरी तुमची खोली तयार आहे. रविवारी न्यायला येते. नाही म्हणायचं नाही!"
हन्नेची कबर इथं. पण पोरीचा आवाज रडवेला झाला होता. हो म्हणालो.

२१ ऑक्टोबर
माझी उशी गेली.

२५ ऑक्टोबर, रविवार सकाळ
जुमाना आली. टेकडीवरच्या वस्तूंचं सांगितलं, तर म्हणे, "तुम्हीच नेऊन ठेवता, बाबा, आणि विसरता!" असेल. वाद नको. गाठोडं गाडीत टाकलं. म्हटलं, एकदा वर जाऊन निरोप घेऊन येतो.

त्याच दिवशी, दुपार
देवळाच्या उंबऱ्याआत बसून लिहितोय. जुमानानं एक हात धरून ओढलं, अबू मिल्हेमनं दुसरा. दोघं घामाघूम. मी जागचा हललो नाही.